तिकडं पाणी कुठून येतं?

२०२३च्या दिवाळीत आईला दुबईला न्यायचं ठरवूनच मी गावी गेलो होतो. तयारी रीतसर केली होती. लॅपटॉपवर वेगळा फोल्डर: फ्लॅटचे फोटो, खालच्या बागेचे फोटो, दवाखाना किती लांब, ज्वारीचं पीठ कुठल्या दुकानात मिळतं, पुण्याहून विमानाला किती वेळ लागतो. वडील जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या पावसाळ्यात आई गोठ्यात घसरून पडली होती आणि मला ते अकरा दिवसांनी कळलं, तेही ताईच्या तोंडून चुकून निघून गेलं म्हणून.

आईनं सगळे फोटो नीट बघितले. "लई स्वच्छ ठेवतात रे," म्हणाली. आणि मग, "तिकडं पाणी कुठून येतं?"

मी सांगितलं. समुद्राचं पाणी घेतात, जबल अलीला मोठमोठे कारखाने आहेत, तिथे त्यातलं मीठ काढतात, तेच नळाला येतं.

"आन् कारखाना बंद पडला तर?"

"नाही पडत."

"लाइट गेली तर?"

"तिकडं लाइट जात नाही, आई."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची आहे. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणणाऱ्या डेव्हलपरकडे टेस्टिंगवाले तसंच बघतात.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. सह्याद्री ओलांडून ढग आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. दुबईत वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्यात त्याच्या पाचपट पडतो, पण दुबईत उन्हाळ्यात टँकरची वाट बघत कुणी बसत नाही आणि आमच्याकडे बसतात. १९७२च्या दुष्काळात आई तेरा वर्षांची होती. खडी फोडायला जायची, सुकडी खायची, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खायची. त्या भाकरीचं नाव काढलं की आजही तोंड वाकडं करते. वाळवंटाची भीती मी तिला काय घालणार आणि काय घालवणार!

पण तेव्हा मला हे सुचलं नाही. 'म्हातारी माणसं गाव सोडायला तयार नसतात' या सदरात मी तिला टाकून दिलं आणि फोनवरून मोहीम सुरू ठेवली. बहिणींना फितवलं. शेजारच्या काकांना सांगितलं, तुम्ही जरा समजवा. ते म्हणाले, समजावतो, आणि दुसऱ्या दिवशी आईनंच मला फोन करून सांगितलं की काकांनी समजावलं बरं का.

१६ एप्रिल २०२४ला दुबईत पाऊस कोसळला. ७५ वर्षांत एवढा पडला नव्हता. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली, रस्त्यावर गाड्या तरंगतायत. आईचा फोन आला. मी बरा आहे कळल्यावर म्हणाली, "तुमच्याकडं पूर, आन् हितं टँकर चालू झालेत. देवाचा पत्ता चुकतोय." मी त्यात मुद्दा शोधला: म्हणून तर म्हणतो, इकडे ये. त्या काळात मी कशातही मुद्दा शोधायचो.

शेवटी डिसेंबरात ती आली. साठ दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर, 'बघून जाते' म्हणून. मी सुट्टी टाकून तिला सगळं दाखवलं. बुर्ज खलिफा तिनं खालून बघितला, वर जायला नको म्हणाली. एक दिरहम देऊन अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडली, ते मात्र इतकं आवडलं की परत त्याच होडीनं आलो आणि पुन्हा गेलो. पण तिची नजर खरी कुठे खिळली, तर रस्त्याच्या दुभाजकावरच्या फुलझाडांत. ती वाकली, माती बोटानं उकरली आणि काळी नळी वर काढली.

"अरं, हे तर ठिबक!"

आमच्या डाळिंबाला होतं तसंच. ते सांडपाणी शुद्ध करून झाडांना देतात असं मी सांगितल्यावर तिला दुबईबद्दल पहिल्यांदा मनापासून आदर वाटला. त्यानंतर रोज संध्याकाळी फिरायला गेलो की ती नळ्या तपासायची. एका ठिकाणी झाड वाळलेलं दिसलं तर, "बघ, छिद्र चोंदलंय," म्हणाली. पिनेनं साफ करू का, असंही विचारलं. मी हात धरून पुढे नेलं. कॅमेरे असतात, दंड लागेल, वगैरे. वडील होते तोवर आमच्या पाच एकरांतलं प्रत्येक छिद्र तीच साफ करायची.

सुट्टी संपली आणि मी ऑफिसला जायला लागलो. घरी यायला सात वाजायचे. आई लिफ्ट वापरायला शिकली, समोरच्या मल्याळी अम्माशी खुणांनी बोलायला शिकली, वाट्यांची देवाणघेवाणही सुरू झाली. मला वाटलं, जमतंय. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी कागद काढले.

आईवडिलांचा रहिवासी व्हिसा एका वर्षाचा असतो, दरवर्षी नवा करायचा. त्यासाठी पगाराची अट असते, आरोग्यविमा लागतो, आणि आईला सांभाळणारा मी एकटाच आहे असं लिहून द्यावं लागतं. सहीसाठी सगळं तिला वाचून दाखवलं.

"एकटाच म्हंजी?"

"म्हणजे तुला तिकडे बघणारं दुसरं कुणी नाही, असं."

"दोन लेकी हायेत की मला."

"आई, कागदापुरतं आहे ते."

थोरली शिरूरला, धाकटी राहुरीला. वडील दवाखान्यात होते ते चाळीस दिवस दोघींनी आळीपाळीनं काढले होते. मी व्हिडिओ कॉलवर होतो. हे आई बोलली नाही. कणिक मळत राहिली. जरा वेळानं तिनं विचारलं, "तुझी नोकरी गेली तर?"

"तर माझा व्हिसा जातो."

"आन् माझा?"

"तुझा माझ्यावरच असतो ना. तुझाही जातो."

"आन् मी सा-आठ महिने गावाला राहिले तर?"

"सहा महिन्यांच्या वर सलग बाहेर राहिलं की रद्द होतो."

तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. "म्हंजी टँकरच की."

मला लगेच कळलं नाही, म्हणून तिनं समजावून सांगितलं, शांतपणे. टँकर आला की पाणी चांगलंच असतं. आपण भरून घेतो. पण विहिरीत चार हात पाणी असलं की जशी झोप लागते तशी टँकरच्या पाण्यावर लागत नाही. "तुझ्यावर भरवसा न्हाई असं न्हाई. तू तरी कुणाच्या टँकरवर हायेस."

त्याच महिन्यात आमच्या टीममधून चौघांना कमी केलं होतं. मी तिला सांगितलं नव्हतं. सिस्टीम डिझाइनच्या मीटिंगमध्ये मी लोकांना विचारतो, की हा एक सर्व्हर बसला तर बाकीच्यांचं काय होणार? आईच्या उरलेल्या आयुष्याचं डिझाइन करताना तो एक सर्व्हर मी स्वतः होतो आणि हा प्रश्न मी विचारला नव्हता. तिनं तो दिवाळीतच विचारला होता.

झोपायच्या आधी तिनं आणखी एक विचारलं, अंथरूण झटकता झटकता, जणू पिठाचा भाव विचारावा तसं. "हितं माणूस गेलं तर काय करतात?"

मी सांगितलं, जबल अलीला हिंदूंची स्मशानभूमी आहे.

"हां. सोय हाय म्हंजी," म्हणाली आणि दिवा मालवला.

ते कागद अजून ड्रॉवरमध्ये आहेत. फाडले नाहीत, भरलेही नाहीत. गोठ्यात आता ओबडधोबड फरशी टाकून घेतली आहे, घसरू नये म्हणून. थोरली ताई पंधरा दिवसांनी येऊन जाते, तिच्या पेट्रोलचे पैसे मी पाठवतो आणि ती दर वेळी भांडते. मला अजूनही रात्री दोनला जाग येते. भारतात तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, आई उठायला अजून दीड तास असतो, आणि ती उठून फोनवर दिसेपर्यंत माझा डोळा लागत नाही. ती इथे असती तर लागला असता का, तर बहुतेक हो. म्हणजे ती सगळी मोहीम कुणाच्या झोपेसाठी होती, हा प्रश्न उरतोच.

थंडीत दोन महिने यायचं मात्र तिनं कबूल केलंय. अम्मासाठी शेंगदाण्याची चटणी करून आणणार आहे. परवा तिकीट काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. फोन करून म्हणाली, "जायचं कळलं. यायची तारीख कुठं लिवलीय, ते दाखव."