अंगणातल्या खड्ड्याचा हिशेब

आमच्या मोरीचे पाणी अंगणात साचते. आजी त्यात दोनदा घसरली. म्हणून शोषखड्डा खणायचे ठरले. आईजवळ शेळी विकलेले 3000 रुपये होते. त्यातच पाइप आणायचा होता.

लांबी 5 फूट, रुंदी 5 फूट, खोली 4 फूट. मी गुणाकार केला. 100 घनफूट आले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे बरोबर 1 ब्रास."

एका गड्याची हजेरी 500 रुपये. दोन गडी दोन दिवस, म्हणजे 2000. उक्ते दिले तर 2400, आणि वर म्हणाले, "खडक लागला तर येगळे पैसे." मग उक्ते कशाला द्यायचे? आजोबा म्हणाले, "आधी खाली काय हाय ते बघा." त्यांनी पहार मारून पाहिली. दोन फूट काळी माती, खाली मुरूम.

आई म्हणाली, "माती आपण काढू. मुरमाला गडी लावू." वरची माती आईने आणि दादाने काढली. मी घमेली ओढली. माझ्या हाताला फोड आले. मग एकच गडी दोन दिवस आला. 1000 रुपयांत काम झाले.

खणलेली माती फुगते. खड्ड्यापेक्षा ढीग मोठा दिसत होता! ती न्यायला ट्रॅक्टरवाला 600 मागत होता. आजोबांनी माती परसात टाकायला लावली आणि मुरूम आजीच्या वाटेवर पसरला.

पाइप आला आहे. खड्ड्यात भरायचे दगड आम्हीच ओढ्यातून आणतो. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी दहा खेपा होतात.