जुन्या नाशकांतील एक चौक

पुष्कळ वर्षांनीं परवां नाशकास जाणें झालें. रामकुंडावर स्नान करून जुन्या नाशकांत वळलों, तों आमचा वाडा प्रथम ओळखूंच येईना. ज्या चौकांत आठ बिऱ्हाडें नांदत, तेथें आतां एकट्या काकू राहतात.

१९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं; त्यांत कौलें चाळणेंहि निभेना. १ एप्रिल १९५७ पासून कुळें जमिनीचीं मालक झालीं व खंडाचें धान्य बंद पडलें. (तें न्याय्यच होतें, असें आजोबा म्हणत, मात्र हळू आवाजांत.) मग मुलें पगाराकडे वळलीं. नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ पासून होताच; १९६४ त ओझरला विमानांचा कारखाना निघाला, सातपूर-अंबडला उद्योग आले. बिऱ्हाडें एकामागून एक सिडकोकडे गेलीं. २००१ त शहराची वस्ती १०,७७,२३६ होती, ती २०११ त १४,८६,०५३ भरली. आमच्या चौकांत मात्र माणसें घटलीं.

माजघरांत आतां स्टीलच्या भांड्यांचें गोदाम आहे. त्याचें एका महिन्याचें भाडें पूर्वीच्या आठही बिऱ्हाडांच्या वर्षाच्या भाड्याहून अधिक येतें, व त्यावरच काकूंचें चालतें.

बिल्डरचा कागद त्यांनीं देव्हाऱ्याखालीं ठेविला आहे. “सही करूं का रे?” त्यांनीं विचारिलें.

“काकू, विहीर बुजवणार का ते?”

“तेवढंच कागदांत लिहिलेलं नाहीं,” असें म्हणून त्या चहा ठेवावयास उठल्या.