मोरपिसाचे दोन तंतू

चैत्र यात्रा होऊन चार दिवस झाले होते. यात्रेत मिरवलेली आमची सासनकाठी उतरवून पडवीत आडवी ठेवली होती आणि मी तिच्या तुऱ्याच्या गाठी सोडवत बसलो होतो. स्कॉटलंडला असलेला भाचा यात्रेसाठी आला होता. त्यानं खिशातून पत्र्याची डबी काढून माझ्यापुढं ठेवली. आत केसाळ किडे. जवळ धरून बघितलं, तर प्रत्येकाच्या पोटाखाली गळ!

"मामा, ही ट्राउट माशाची 'फ्लाय'. गांडूळ नाही, कणीक नाही. किडा समजून मासाच झेप घेतो."

मी वडिलांबरोबर कासारी नदीवर गळ टाकत वाढलो. पाण्यावर तरंगायला मोरपिसाची दांडी, आकड्याला कणकेची गोळी, एवढाच आमचा संसार. पण एका किड्याच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना हस्तिदंती, मेणासारखे चकचकीत ठिपके होते, तिथं माझी नजर अडकली. हे मी दाजीपूरच्या जंगलात पाहिलं होतं, रानकोंबड्याच्या मानेवर! भाचा म्हणाला, बरोबर, तिकडं त्याला 'जंगल कॉक' म्हणतात. माशाला तो ठिपका छोट्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो असं मानतात. आपल्या सह्याद्रीतल्या या पाखराच्या माना इंग्रजी अमदानीत बोटींतून विलायतेला जात. आता वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार बंद आहे. तिकडचे लोक पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात. हे ऐकून बरं वाटलं. दाजीपुरात पहाटे त्याचं तुटक आरवणं ऐकलेल्या माणसाला ती मान पाकिटात बघवणार नाही.

मग म्हटलं, एक आपणच बांधू. तुऱ्यातलं एक मोरपीस घेतलं. त्यातले दोन तंतू भाच्यानं ओलसर बोटांनी उपटले. ते उन्हात फिरवले की हिरवे, फिरवले की तांबूस. मोरपिसात हिरवा रंग मुळात नसतोच, तंतूच्या बारीक घडणीवर उजेड पडून तो दिसतो. पण हा तंतू फार नाजूक, माशाच्या दातानं लगेच तुटतो. म्हणून त्यावरून तांब्याची बारीक तार उलट्या दिशेनं गुंडाळायची. ती मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली. रेशमी दोऱ्याला मेण लावलं आणि पकडीत गळ आवळला.

मानेचं पीस शेजारच्या गावठी कोंबड्याचं. कोंबडीचं चालत नाही. तिचं पीस मऊ असतं, पाणी पितं आणि किडा बुडतो. कोंबड्याचं ताठ असतं. ते गळाभोवती गोल फिरवलं की केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर किडा पाण्यावर तरतो.

भाच्याचा दोरा दोनदा सुटला. "ताण सोडू नकोस," मी म्हटलं. काठीचा तुरा बांधताना वडील मला हेच सांगत. दोरा ढिला पडला की खालचं सगळं सरकतं, मग काठी तीस फुटांची असो की गळ पेराएवढा.

संध्याकाळी बंधाऱ्याखाली बांबूला दोर बांधून आमचा किडा सोडला. तिसऱ्या वेळी पाण्यावर चंदेरी उसळी आली, दोर ताणला आणि लगेच ढिला पडला. मासा गेला होता. गळ हातात घेतला. मोराचा एक तंतू तुटून लोंबत होता. दुसरा तारेखाली तसाच हिरवा होता.

भाचा डबी घेऊन गेला. मोरपीस इथंच ठेवलं. ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पुढच्या चैत्रात तुऱ्यात जाईल.