मासवडी आणि खुनाचा वग

जुन्या काळातल्या जेवणाचा बेत आखायचा तर आधी साल ठरवावं लागतं. माझी नात पुण्याहून यादी घेऊन आली, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न हाच केला. तिला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना निरगुडसरच्या आमच्या घरात ‘मर्डर मिस्टरी’ची रात्र करायची आहे. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, जेवता जेवता एक खून पडायचा, आणि कोण कुठे होतं, कुणाचं कुणाशी वैर होतं हे बोलण्यातून काढत पानं उठायच्या आत खुनी ओळखायचा. यादीच्या वर ‘रेट्रो’ लिहिलं होतं आणि खाली पनीर, इंद्रायणी भात, थम्सअप. “कुठल्या सालातला खून?” मी विचारलं. ती म्हणाली, “आज्जी, तू लहान असतानाचा.” मग मीच ठरवलं. १९६८, चैत्र, गावच्या यात्रेची रात्र.

साल ठरलं आणि यादीतली नावं आपोआप गळायला लागली. इंद्रायणी हा तांदूळ १९८७ सालचा वाण, तेव्हा भात आंबेमोहराचा. थम्सअप आलं ते १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेल्यावर. म्हणून बाटली ठेवायचीच तर गोटी सोड्याची. पनीर आमच्या घरानं तोवर पाहिलंही नव्हतं. रश्श्यात टोमॅटो नाही. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागतात, पण माझ्या आईच्या रश्श्याला आंबटपणा लागत नसे. साखर रेशनची, म्हणून चहा गुळाचा. डिंभ्याचं धरण आणि त्याचे कालवे व्हायचे होते, उसाची ही दाट हिरवाई नव्हती. रानात बाजरी होती, आणि पानातही बाजरीचीच भाकरी.

आणि मधोमध मासवडी. त्याबद्दल वाद नव्हता.

आंबेगाव-जुन्नरकडे यात्रेला बोकड पडतो हे खरं, पण आमच्याकडे घराघरात माळकरी. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या पाहुण्याच्या पानातही तिखट, तर्रीदार, मानाचं काही पडलं पाहिजे, आणि तो मान मासवडीचा. तिचं काम दुपारीच सुरू व्हायचं. सुकं खोबरं किसून भाजायचं, तीळ भाजायचे, खसखस, लसूण, परतून कोरडा केलेला कांदा आणि कोथिंबीर एकत्र करून सारण तयार ठेवायचं. ते आधीच तयार लागतं, कारण पुढे कुणालाही थांबायला वेळ नसतो. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन सोडून ते हाटायचं, एक वाफ आणायची आणि चटका बसत असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याच्या हातानं पातळ थापायचं. पीठ निवलं की तडकतं. एक जण थापणार, दुसरी सारण पसरणार, तिसरी फडक्यासकट वळी उचलून दाबणार, माशासारखा निमुळता आकार देणार. मग वड्या पाडायच्या. शेजारच्या चुलीवर भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचं, पाट्यावर वाटलेलं वाटण काळ्या मसाल्यात उकळत असायचं. वडी रश्श्यात शिजवायची नाही, पानात वाढल्यावर वरून रस्सा घ्यायचा. एकट्या बाईनं मासवडी करायला घेतली तर ती दमते. चार बायका असल्या की गाणी म्हणत मासवडी होते. माझ्या वाट्याला तेव्हा तीळ निवडण्याचं काम होतं.

पुरुषांच्या पंगती उठल्या की गाव तमाशाला जाई. पलीकडे नारायणगाव, तमाशाची पंढरी. तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जाऊन यात्रेची सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी आणि मग मध्यरात्र उलटल्यावर वग. वगात राजे असत, दरोडेखोर असत, आणि खून असत. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ महाराष्ट्रभर गाजला, तसले नाट्यमय वग आमच्या यात्रेतही होत.

आमच्या घरच्या बायका तमाशाला जात नसत. जेवणं उरकून, भांडी घासून त्या माळवदावर येऊन बसायच्या आणि वाऱ्यावरून येईल तेवढा वग ऐकायच्या. मीही आईच्या मांडीला टेकून ऐकत असे. ढोलकी स्पष्ट यायची, शब्द तुटक यायचे. मध्येच किंकाळी, मग लोकांचा गलका. कुणीतरी मेलं एवढं कळायचं. कुणी मारलं ते कळायचं नाही. सकाळी दादा डोळे चोळत आला की आई भाकरी थापता थापता विचारायची, “मग? कुणी केला खून?” दादा बहुतेक वेळा शेवटाआधीच झोपलेला असे. ज्यांनी अख्ख्या गावाला जेवू घालून तमाशाला पाठवलं त्यांना खुनी कधी कळला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात शिकायला गेले तेव्हा मी त्या अर्धवट वगांची भरपाई केली असावी. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणून वाचायचे. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस, त्याचा झुंजार आणि काळापहाड. पुस्तक रात्रीत संपवायचं, कारण शेवट कळल्याशिवाय झोप येत नसे. मंचरहून सुटणाऱ्या एसटीनं कधीमधी घरचा डबा यायचा. त्यात फडक्यात बांधलेल्या मासवडीच्या वड्या, रस्सा नाही, कारण तो सांडतो. खोलीतल्या मुलींना वाटायचं मासेच आलेत. शाकाहारी मैत्रीण हात मागे घ्यायची आणि कळल्यावर तीच सर्वांत जास्त खायची.

अगाथा ख्रिस्ती नंतर वाचली. पहिल्या महायुद्धात तिनं इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं, विषांची ओळख तिथली. १९४५ च्या ‘स्पार्कलिंग सायनाइड’मध्ये तर भरल्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, शॅम्पेनच्या पेल्यातून मृत्यू येतो. नातीशी बेत ठरवताना मला हे आठवलं, कारण तिला खून मासवडीतून हवा होता. मी नाही म्हटलं, आणि त्यामागे निव्वळ माया नव्हती. आपल्या पंगतीत अन्नात विष घालून एकालाच मारता येत नाही. रस्सा एका पातेल्यातून, एकाच ओगराळ्यानं सगळ्यांना पडतो. वड्या एकाच वळीच्या. भाकरी चवडीतली, कुणाला कुठली येईल ते वाढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जे एकट्याच्या हातात दिलं जातं त्यातूनच घात होऊ शकतो. पाण्याचा पेला, नाहीतर जेवणानंतरचा विडा. वगकारांना आणि ख्रिस्तीबाईंनाही पेलाच सुचला, ते उगीच नाही. आम्ही विडा ठरवला. आता पानाचा डबा, चुन्याची डबी, अडकित्ता हे सगळं पुराव्याचं सामान झालं आहे, आणि तो अडकित्ता माझ्या सासूबाईंचा, खराखुरा त्या काळातला आहे.

हल्ली पुणे-नाशिक रस्त्यावर मासवडीच्या थाळीच्या पाट्या दिसतात. लांबचे लोक गाडी थांबवून खातात, मला आनंद होतो. घरात मात्र ती क्वचित होते, कारण चार बायका एका चुलीपाशी जमत नाहीत. म्हणून नातीला मी अट घातली आहे. पाहुण्यांनी संध्याकाळी नाही, दुपारीच यायचं, आणि मुलग्यांनीही पीठ थापायला बसायचं.

एक गोष्ट मात्र १९६८ सालातली मी ठेवणार नाही. त्या रात्री गाव जेवायचं, पण फडातली माणसं आमच्या पंगतीत नसायची. त्यांना शिधा जायचा, पीठ, डाळ, तेल, मीठमिरची. ती राहुटीशेजारी तीन दगड मांडून रांधायची आणि मग पहाटेपर्यंत आम्हाला हसवायची, रडवायची. त्यांच्या जाती आणि त्यांचा पेशा, दोन्ही आड येत. नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपती पदक मिळालं. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. तरी त्यांच्यासारख्या कलावंतांना गावाच्या पंगतीत पाट मिळत नव्हता, हेही त्याच काळाचं सत्य आहे. जुना काळ मांडताना नुसती चव आणली आणि हे गाळलं, तर ते खोटं होईल. नातीच्या मित्रांना ते मी जेवणाआधी सांगणार आहे.

खेळातल्या सोंगांची यादी आता तयार आहे. पाटील, तालुक्याचा फौजदार, मुंबईहून आलेला गिरणी कामगार, माळकरी आजोबा आणि फडाची मालकीण. चौकशी करायची ती मालकिणीनं, फौजदारानं नाही. रोज रात्री खुनाचा वग उभा करणाऱ्या बाईला माणसं अधिक कळतात असं माझं मत आहे. खुनी कोण ते फक्त मला आणि नातीला ठाऊक आहे. पंगत एकच बसेल, बायका-पुरुष एकत्र, आणि पहिलं पान मालकिणीचं मांडलं जाईल.