चूक कोणाची, हसू कोणाचे?

कामगार साहित्य शिकवताना आपण बहुधा वेदनेपासून सुरुवात करतो. नारायण सुर्वे, गिरणीचा भोंगा, चाळ, संप हा क्रम विद्यार्थ्यांनाही पाठ झालेला असतो. कामगार हसतो, आपल्या कामावर आणि कामातल्या चुकांवर हसतो, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच येते. मोटारींच्या कारखान्यांतील कामगारांच्या हकिकती वाचू लागल्यापासून मला या हसण्याचे कुतूहल वाटत आले आहे.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. तिथल्या कामगारांनी पुढे सांगितलेल्या आठवणी अफलातून आहेत. एका मॉडेलच्या गाडीला दुसऱ्याच मॉडेलचे तोंड बसवलेले, कुठे इंजिन उलटे, कुठे स्टिअरिंगच नाही! काही गाड्या लाइनच्या टोकाला पोचूनही सुरू होत नसत. त्या ओढत नेऊन आवारात उभ्या कराव्या लागत. रागावलेला एखादा कामगार दाराच्या पोकळीत कोकची बाटली किंवा सुटे बोल्ट टाकून देई. गाडी रस्त्यावर आली की आत खडखड सुरू होई आणि ती कसली, हे गाडीच्या मालकाला काही उमगत नसे.

या हकिकती सांगितल्या की वर्गात हशा पिकतो. आमच्याकडे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुले शिकायला असतात. अशाच एका हशानंतर त्यांतल्या एकाने विचारले, ‘‘सर, इंजिन उलटे बसलेले पुढच्या माणसाला दिसले असेलच ना? मग त्याने लाइन का नाही थांबवली?’’ त्याचे वडील लाइनवर काम करत. तो एकटाच हसला नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर थेट लाइनच्या जन्मापर्यंत जाते. १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती लाइन सुरू झाली आणि एका गाडीच्या सांगाड्याच्या जुळणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे ९३ मिनिटांवर आला. आता माणूस कामाकडे जाईना, काम माणसाकडे येऊ लागले. कामाची लय माणसाच्या हातून निसटली. फ्रीमाँटमध्ये तर काहीही होवो, लाइन थांबता कामा नये, हाच दंडक होता. चूक दिसली तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, दुरुस्तीचे नंतर पाहू. म्हणजे उलटे इंजिन हा कोणा एकाचा वेंधळेपणा नव्हता. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होता, आणि तो थांबवण्याचा अधिकार पाहणाऱ्यांपैकी कोणालाच नव्हता. अशा वेळी माणसाजवळ उरते ते हसू.

१९८४ मध्ये याच जागी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा ‘नुमी’ हा संयुक्त कारखाना सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच होते, कामगार संघटनाही तीच. काहींना जपानमध्ये प्रशिक्षणासाठी पाठवले गेले. नवी होती ती डोक्यावरून जाणारी एक दोरी. अडचण आली की कामगाराने ती ओढायची. दिवा लागे, धून वाजे, गटप्रमुख धावत येई आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबे. गाड्यांतील दोष झपाट्याने कमी झाले. ज्यांना बेजबाबदार ठरवले गेले होते, त्याच हातांनी या गाड्या घडवल्या होत्या.

अर्थात दोरी म्हणजे मुक्ती नव्हे. सातोशी कामाता या जपानी लेखकाने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात थकव्याखेरीज फारसे काही नाही. अमेरिकेतील फ्लिंटमध्ये रिव्हेट ठोकणाऱ्या बेन हॅम्परच्या ‘रिव्हेटहेड’ (१९९१) या आत्मकथनात विनोद मात्र पानोपानी आहे. दोघांचे काम एकट्याने ओढायचे आणि दुसऱ्याने अर्धी पाळी मोकळे राहायचे, ही त्याची युक्ती. दर्जाचा प्रचार करण्यासाठी मांजराचा वेश घालून कारखानाभर हिंडणारा माणूस हे त्याचे आवडते लक्ष्य. पण हा हसवणारा लेखक अखेरीस घाबरेपणाच्या झटक्यांनी खचून लाइन सोडतो. विनोद हा घड्याळाशी चाललेला त्याचा झगडा होता, हे तेव्हा कळते.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करते ती रोबेर लिनार यांच्या ‘लेताब्ली’ (१९७८) या पुस्तकातील हकिकत. पॅरिसमधल्या सित्रोएनच्या कारखान्यात देमार्सी नावाचा वयस्क कामगार खराब झालेली दारे दुरुस्त करतो. त्याचे कामाचे टेबल त्याने स्वतःच, जोडतुकडे लावून, कामाच्या गरजेप्रमाणे बनवलेले. एके दिवशी काही न विचारता व्यवस्थापन ते हलवते आणि नवे, भक्कम, चकचकीत टेबल आणून ठेवते. त्यावर दार खालच्या बाजूने ठोकताच येत नाही. म्हातारा अडखळतो, चुकतो, आणि नेमके तेव्हाच साहेबलोक येऊन सर्वांदेखत त्याला बोल लावतात. पुढे जुने टेबल परत मिळते. हातांचा विश्वास परत मिळत नाही. इथे चूक कागदावर आखणी करणाऱ्यांची आहे, तरी मान खाली जाते ती देमार्सीची. ही हकिकत ऐकून वर्गात कोणीही हसत नाही.

म्हणूनच कामगारांच्या विनोदाकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही. फ्रीमाँटचा कामगार उलट्या इंजिनाची गोष्ट स्वतः सांगतो, त्यामुळे तिच्यातले हसू त्याच्या मालकीचे असते. देमार्सीजवळ तेवढेही उरत नाही. कोण चुकले एवढेच विचारून अशा संहिता उलगडत नाहीत. चूक दिसली तेव्हा हात वर करण्याची मुभा कोणाला होती, हे आधी विचारावे लागते. त्या विद्यार्थ्याने ते वाचण्याआधीच विचारले होते.