पानगळ की मरगळ?

आमच्या परसातला रायवळ आंबा बरा नाही. नातेवाइकांना फोनवर अर्धवट बातम्या कळल्या आहेत, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. तुमच्याही अंगणात एखादं झाड असेल, तर उपयोग होईल.

झाडाची पानं गळली की आपण घाबरतो. पण पळस, पांगारा, सावर उन्हाळ्याच्या तोंडावर पार उघडे होतात आणि तसेच फुलतात. खरं तर पान गाळणं हे जिवंत झाडाचंच काम! देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक नाजूक थर तयार करतं, आणि तिथून पान सुटतं. फांदी एकाएकी मेली की हे काम राहून जातं. मग वाळलेली पानं महिनोन्‌महिने तिला चिकटून राहतात. गेल्या दिवाळीत आमच्या आंब्याच्या कौलांवर आलेल्या फांदीवर नेमकी अशी पानं दिसली. बारमाही हिरव्या झाडावर तपकिरी झुबका लांबूनही नजरेत भरतो.

मग नखाने साल खरवडून पाहिली. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं तर गेली. शेंड्याकडून खोडाकडे असं खरवडत गेलं की मरण कुठवर उतरलंय ते कळतं. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला होता, वर भोकं होती. भिरूड! हा लांब मिशांचा भुंगा सालीत अंडी घालतो, आणि त्याची अळी आतून खोड पोखरत जाते. वर पानांना खबर लागेपर्यंत आत बरंच उरकलेलं असतं. गड्याने तार घालून अळ्या ओढून काढल्या, औषधाचे बोळे घालून भोकं चिखलाने लिंपली.

यंदा मोहोर मात्र असा आला की आई म्हणाली, "बघ, सावरला!" मला तसं वाटेना. ताणात असलेलं झाड कधी कधी असं भरभरून मोहरतं. आणि झालंही तसंच. मे महिन्यात आणखी दोन फांद्या वाळल्या.

आमचं गाव नगरपालिकेत येतं, त्यामुळे 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे घरचं झाड तोडायलाही परवानगी लागते. तो अर्ज होईल. आईला तो विषयच नको आहे, पण पावसात फांदी कौलांवर आली तर खाली तिचीच खोली आहे.

खरी घाई वेगळीच होती. कोय रुजवून झाड येतं, पण ते आईवर जाईलच असं नाही. हीच चव हवी तर कलम बांधायला हवं, आणि त्याला काडी जिवंत फांदीचीच लागते. म्हणून झाड मरतंय हे वेळेत ओळखायचं! त्याला वाचवता येईलच असं नाही. पण त्याच्याकडून काही मागून घ्यायला अजून वेळ असतो.

उत्तरेकडची फांदी अजून हिरवी आहे. ऑगस्टमध्ये तिच्या काड्यांवर दहा कोयकलमं बांधली, त्यातली चार जगली. तांबूस पालवी फुटली आहे. एक आईच्या नावाने ठेवलंय. बाकीची तीन कुणाला हवीत, ते ठरवून कळवा. भांडू नका म्हणजे झालं!