कोरडी भिंत

गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत मुंबई उपनगर जिल्ह्यांत घरांच्या खरेदी-विक्रीची लगबग दिसते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वीं बिऱ्हाड हलवावें, असा गृहस्थांचा बेत असतो. विक्रेत्यासही हा काळ अनुकूल; कारण वैशाखांत कोणतीही भिंत कोरडीच दिसते!

गतवर्षीं आम्हीं पार्ल्यांतील आमची जुनी जागा विकावयास काढली. दलाल म्हणाला, "गुरुजी, रंग द्या आणि पावसापूर्वीं व्यवहार उरका." आम्हीं रंग दिला. परंतु जागा पाहावयास आलेलें तरुण दांपत्य किंमतीवरील ६ टक्के मुद्रांकशुल्काची जुळवाजुळव आमच्यासमोरच करूं लागलें, तेव्हां आमच्यानें गप्प बसवेना. आषाढांत उत्तरेची भिंत पाझरते, हें आम्हीं सांगून टाकलें. किंमत उतरली, चिरंजीव रुष्ट झाले. पण जन्मभर मुलांस खरें बोलावयास शिकविलें, तें निवृत्तीनंतर विसरावें काय?

नव्या इमारतींतील बांधकामाच्या दोषांविषयीं रेरा कायदा २०१७ पासून विकासकास ५ वर्षें जबाबदार धरतो. जुन्या जागेस तो आधार नाहीं. म्हणून ग्राहकानें घर उन्हाळ्यांत खुशाल पाहावें. मात्र पावसाळ्याची हकीकत शेजाऱ्यास अवश्य विचारावी.